संशोधन म्हणजे सत्कार नव्हे: लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाविषयी एक खुले पत्र

प्रति,
संशोधन मान्यता समित्यांचे, तसेच मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि जनसंवाद या विषयांच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य,
दक्षिण महाराष्ट्रातील विद्यापीठे व महाविद्यालये

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात गेली २६ वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवत आहे. हे पत्र लिहिण्यास निमित्त झाले ते एका संशोधन आराखड्याचे. माझ्या एका विद्यार्थिनीने टॉकीजबाहेर लागणाऱ्या, हाताने रंगवलेल्या सिनेमाच्या बॅनरांवर आणि ते रंगवणाऱ्या कारागिरांवर पीएच.डी. करायचे ठरवले होते. आराखडा समितीपुढे गेला आणि विषयाला पुरेशी उंची नाही, अशा शेऱ्यासह परत आला. त्याच बैठकीत एका दिवंगत अभिनेत्याचे ‘जीवन आणि कार्य’ हा विषय फारशी चर्चा न होता मंजूर झाला. ती समिती कोणत्या संस्थेची, हे मी येथे लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका बैठकीपुरते नाही. विद्यार्थिनीने दुसरा विषय घेतला आहे आणि तिचे काम नीट चालू आहे. मात्र त्या दोन निर्णयांचा मी जितका विचार करत गेले, तितके ते मला एकाच मुळातून फुटलेले दिसू लागले, आणि ते मूळ आपल्यापुढे मांडावे म्हणून हा पत्रप्रपंच.

दोन्ही वेळी विचारले गेले ते एवढेच, की हा विषय गौरवास पात्र आहे का. अभिनेता पात्र ठरला, बॅनर रंगवणारा ठरला नाही. त्या अभिनेत्याविषयी संशोधकाला नेमके काय शोधायचे आहे, हे कोणी विचारले नाही. आणि बॅनरांविषयी माझ्या विद्यार्थिनीने जे चार प्रश्न आराखड्यात लिहिले होते, तेही कोणी वाचून दाखवले नाहीत. संशोधन म्हणजे विषयाचा सत्कार, अशी समजूत एकदा मनात बसली की सत्काराला योग्य तो विषय प्रश्नाशिवायही मंजूर होतो आणि योग्य नसलेला विषय प्रश्न असूनही नामंजूर होतो. लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास आपल्याकडे रुजत नाही याचे कारण विषयांचा हलकेपणा नसून ही समजूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मनातली भीती मी जाणते, कारण तीच भीती मलाही वाटत आली आहे. सिनेमावरचा प्रबंध म्हणून पाच पाने कथानक, दोन पाने पात्रपरिचय आणि शेवटी ‘हा चित्रपट समाजाला संदेश देतो’ असे वाक्य, असे लिखाण मी स्वतः तपासले आहे आणि परत केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे ठरवले, तरी शब्द फिरवून केलेली उचल साम्य तपासणाऱ्या संगणकाला सापडत नाही, हेही आपण सारे जाणतो. पण असे प्रबंध संतकवींवरही होतात, नेत्यांवरही होतात आणि नामवंत कादंबरीकारांवरही होतात. विषय थोर असल्याने त्यांची झाकपाक होते, एवढाच काय तो फरक.

आपल्या विद्याव्यवहारात याहून खोल असा एक विरोधाभास आहे आणि तो मला गेली कित्येक वर्षे टोचत आला आहे. लोकसाहित्याला आपण सन्मानाने अभ्यासक्रमात स्थान दिले. दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्यांच्या तपस्येमुळे ओव्या, उखाणे, दैवतकथा, विधी यांचा अभ्यास हे विद्वत्तेचे काम मानले जाऊ लागले. शाहिरांची लावणी आपण शिकवतो, तमाशातला गण, गवळण आणि वग परीक्षेत विचारतो. पण जत्रेत कनात ठोकून बसलेला आजचा तमाशाचा फड, त्याची सुपारी म्हणजे खेळाचा ठरलेला करार, त्याचे मुक्काम, रंगबाजीत, म्हणजे वगाआधीच्या नाचगाण्यात, वाजणारी सिनेमातली गाणी आणि ती वाजवा म्हणून ओरडणारा प्रेक्षक यांच्याविषयी कोणी प्रश्न मांडला, की तो विषय उथळ ठरतो. म्हणजे जी गोष्ट बंद पडली किंवा बंद पडण्याच्या बेतात आहे ती लोकसंस्कृती, आणि जी अजून पैसे मिळवते आहे ती निव्वळ करमणूक, असा आपला हिशेब झाला आहे. पोवाड्यांचे उदाहरण घ्या. १८९१ साली ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून छापले; आजही पोवाड्यावर लिहिणाऱ्याला त्या संग्रहाकडे वळावे लागते. ते पोवाडे गाणारे गोंधळी आणि शाहीर त्या काळी लोकांपुढे गाऊन पोट भरत होते. त्यांची उंची मोजत कोणी थांबले असते, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

जगात इतरत्र हा वाद होऊन गेला आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते नावारूपाला आणले, आणि तेथे साप्ताहिके, तरुणांचे पोशाख, दूरचित्रवाणीच्या बातम्या यांच्यावर काटेकोर काम झाले. अमेरिकेत बोलिंग ग्रीन विद्यापीठातून १९६७ पासून लोकप्रिय संस्कृतीला वाहिलेले संशोधनपर नियतकालिक निघू लागले. पण त्यांचे दाखले मी आधार म्हणून देत नाही, कारण आपल्याच मातीत याहून नेमके काम झाले आहे. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांच्याकडे पाहताना शृंगार आणि वीर या रसांच्या चर्चेपाशी न थांबता, लावणी नाचणारी स्त्री कोणत्या जातीची, तिच्या श्रमाचा मोबदला कोणाच्या हाती जातो, आणि तिची कला ‘अश्लील’ ठरवून नंतर ‘मराठी परंपरा’ म्हणून कोण उचलतो, हे विचारले. इतिहासकार शैलजा पाईक यांचा तमाशातील दलित स्त्रियांवरचा ग्रंथ २०२२ साली आला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या संगीतशास्त्रज्ञाने हिंदी चित्रपटगीतावर आख्खा ग्रंथ लिहिला. यांपैकी कोणीही आपल्या विषयाचा सत्कार केलेला नाही. रेगे यांचे लेखन वाचून तर लावणीचा अभिमान बाळगणारा माणूस अस्वस्थच होतो, आणि ते व्हायलाच हवे.

न्यायालयालाही लोकप्रिय लेखनाचा गंभीरपणे विचार करावा लागला होता, याची आठवण येथे द्यावीशी वाटते. लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांची एका दिवाळी अंकात छापलेली कथा अश्लील आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ती अश्लील नसल्याचा निर्णय होऊन लेखक दोषमुक्त झाला. काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. एका पिढीच्या बायकापुरुषांनी त्या उशाखाली ठेवून वाचल्या. न्यायमूर्तींना त्यांच्या लेखनावर विचार करावा लागला, पण मराठीच्या विभागांना तशी गरज क्वचितच वाटली. जे लाखोंनी वाचले त्याला आपण वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला ठेवले आणि मराठी वाचक कसा घडला यावर मात्र चर्चासत्रे घेत राहिलो.

आता कोल्हापूरकडे येते. हे गाव कलानगरी आहे असे आपण प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकतो. बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा येथेच तयार झाला, १९२० साली कंपनीचा पहिला मूकपट पडद्यावर आला, लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले; १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी येथे स्थापन झाली, १९३२ साली पहिला मराठी बोलपट येथे तयार झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. हे सारे खरे आहे आणि ते सांगताना माझाही ऊर भरून येतो. पण हा तपशील शंभर वेळा सांगून झाला, तरी त्यातले प्रश्न तसेच पडून आहेत. बाबूरावांच्या कंपनीला तानीबाई कागलकर यांनी आर्थिक पाठबळ दिले, असे प्रत्येक लेखात एका ओळीत येते आणि लेख पुढे जातो. त्या काळी सिनेमासारख्या बेभरवशाच्या धंद्यात एका स्त्रीने पैसा घालावा, ही गोष्ट एका ओळीत आटोपण्यासारखी आहे का? कोल्हापुरात सिनेमाचे भांडवल कोठून आले, दरबाराकडून किती, पेठेतून किती, गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या संसारातून किती, हा अर्थशास्त्राचा, इतिहासाचा आणि स्त्री-अभ्यासाचा प्रश्न आहे. त्याला उंची कमी आहे असे कोण म्हणेल?

तालमींचेही तसेच. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या पेठांतल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, आणि आज शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तेथे लोटतात. एकाच तालमीत मल्ल, फुटबॉलपटू, गणपतीचा देखावा आणि निवडणुकीचा प्रचार एकत्र नांदतात. शहरातील पुरुषांचे संघटन समजून घ्यायचे असेल, तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. तरीही तालमीचा विषय आला की आमच्याकडे तो स्मरणिकेतल्या लेखापुरता उरतो.

ज्या बॅनरांवरून हे पत्र सुरू झाले त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी. विद्यार्थिनीबरोबर मी एका वयोवृद्ध कारागिराच्या घरी गेले होते. ते आता काम करत नाहीत. डिजिटल फ्लेक्स आल्यावर वर्षभरात हाताची कामे थांबली, असे त्यांनी सांगितले. कंपनीकडून आलेल्या छोट्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून मारायच्या, कोळशाने बाह्यरेषा काढायची आणि मग चेहऱ्यापासून रंगायला घ्यायचे, ही पद्धत त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवली. चेहरा उस्तादाचा आणि कपडे, अक्षरे, आभाळ हे हाताखालच्या पोरांचे. सिनेमा उतरला की बॅनर परत यायचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि त्याच कापडावर पुढचा सिनेमा. त्यांच्या माळ्यावर असा एकच बॅनर घडी घालून ठेवलेला आहे. घडीच्या रेषेवर रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि नायिकेच्या गालाखालून दुसऱ्याच कोणाचा तरी डोळा दिसतो.

तो डोळा पाहिल्यावर मला या विषयाची निकड पहिल्यांदा नीट कळली. या धंद्याची रीतच अशी, की तो स्वतःचा पुरावा स्वतःच पुसत जातो. बॅनरांचे संग्रहालय नाही, कारण बॅनर उरतच नाहीत. उरतात त्या कारागिरांच्या आठवणी, रंगाच्या दुकानातली उधारीची वही आणि टॉकीजच्या मॅनेजरकडची नोंद. हे आजचे उद्यावर गेले तर कायमचे गेले.

त्या भेटीतली आणखी एक गोष्ट. विद्यार्थिनीने त्यांना ‘तुम्ही पेंटर म्हणून कधीपासून काम करता’ असे विचारले. ते म्हणाले, “आमी कुठलं पेंटर, बाई? आमी बोर्ड रंगवालं. पेंटर म्हंजे बाबूराव.” घरी येऊन तिने हे वाक्य असे उतरवले: ‘आम्ही स्वतःस चित्रकार मानत नव्हतो.’ दोष तिचा नाही. मुलाखती ‘शुद्ध भाषेत’ जोडाव्यात, असेच आपण मुलांना शिकवतो. पण मूळ वाक्यात केवढे होते ते पाहा. बाबूराव हे मूळचे मेस्त्री. ‘पेंटर’ हा धंदा त्यांच्या नावाला असा चिकटला की आडनावच झाला, आणि त्यानंतर या गावात जो कोणी कुंचला धरील त्याला स्वतःला पेंटर म्हणवून घेताना त्या नावाशी मोजून घ्यावे लागले. कलावंत आणि कारागीर यांतली उतरंड, हाताखालच्या पोरांचे स्थान आणि एका माणसाविषयीचा आदर त्या एका वाक्यात आहे. शुद्ध केलेल्या वाक्यात यातले काहीच नाही. कोल्हापूरची बोली परिशिष्टातही चालत नसेल, तर बोलणाऱ्यांचा अभ्यास आपण कशावर करणार आहोत?

पुराव्याचा नाश केवळ रंगाच्या हाताने होतो असे नाही. मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती आपल्या देशात नष्ट झाल्या आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले तेच १९६४ साली, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा खासबाग मैदानाच्या कडेला उभे राहून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू होती आणि तिच्यासाठी सारे गाव एक झाले, हे योग्यच झाले. पण २०१९ च्या पुरात माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाच्या घरात पाणी शिरले आणि चाळीस वर्षे जमवलेली नाटका-सिनेमांची हँडबिले भिजली, तेव्हा कोणालाच पत्ता नव्हता. पाणी ओसरल्यावर त्यांनी खोके उघडले तर आतले कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती वीट त्यांनी उन्हात ठेवली, सोडवण्याचा प्रयत्न केला आणि अखेर टाकून दिली. एखाद्या विद्यापीठीय ग्रंथालयाने ती हँडबिले त्याआधी पाच वर्षे मागितली असती, नुसती त्यांची छायाचित्रे काढून घेतली असती, तरी ती वाचली असती. मागितली नाहीत, कारण हँडबिल हे साधन आहे असे आपण मानलेलेच नव्हते.

हेच गृहस्थ एका चर्चासत्रालाही आले होते. एका दिवसात तीसेक निबंध वाचायचे होते, प्रत्येकाला पाच-सात मिनिटे. एका प्राध्यापकांनी एका जुन्या चित्रपटाच्या कोल्हापुरातील प्रदर्शनाचे वर्ष चुकीचे सांगितले. या गृहस्थांनी मागच्या रांगेतून हात वर केला, त्यांच्या पिशवीत त्या पहिल्या खेळाचे हँडबिल होते. वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द करण्यात आली. निबंध पुढे पुस्तकात छापला गेला आणि चुकीचे वर्षही त्याबरोबर छापले गेले. आता ते उद्धृत होत राहील. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात ही अडचण विशेष असते, कारण येथे सभागृहातला रसिक, पूर्वीचा फडमालक किंवा टॉकीजचा डोअरकीपर हा व्यासपीठावरच्या माणसापेक्षा जास्त जाणत असतो. ज्ञानेश्वरीवरच्या चर्चेत असा श्रोता क्वचित भेटेल. तमाशावरच्या चर्चेत तो हमखास असतो. त्याला फक्त टाळ्या वाजवायला बोलावणे हे अभ्यासाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे. त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असे मी म्हणत नाही. आठवणी चुकतात, माणसे आपल्या उस्तादाची बाजू घेतात, जुनी भांडणे मुलाखतीत निघतात. म्हणून तर त्या आठवणी कागदांशी, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींशी आणि दुसऱ्याच्या आठवणींशी ताडून पाहण्याची शिस्त विद्यापीठाने द्यायची असते.

तेव्हा आपणांस माझी विनंती अशी आहे, की येत्या सत्रातील बैठकांत आराखडा पुढे आला, की प्रथम त्यातील प्रश्न वाचावा आणि विषयाचे नाव नंतर पाहावे. ज्यात प्रश्न नाही तो आराखडा, विषय कितीही थोर असो, परत करावा; माझ्या विद्यार्थ्यांचे तसे आराखडे आले तर तेही परत करावेत, मी तक्रार करणार नाही. हँडबिल, तिकीट, हिशेबाची वही, ध्वनिमुद्रण यांना साधन म्हणून मान्यता द्यावी, आणि मुलाखती बोलणाऱ्याच्या भाषेत जोडण्यास केवळ परवानगी न देता तसा आग्रहच धरावा. पीएच.डी.साठी घेतलेल्या मुलाखतींचे मूळ ध्वनिमुद्रण, बोलणाऱ्याची लेखी संमती घेऊन, ग्रंथालयात जमा करण्याची तरतूद झाली, तर दहा वर्षांत आपल्या भागापुरता एक अनमोल साठा उभा राहील आणि त्यासाठी नव्या इमारतीचीही गरज लागणार नाही. चर्चासत्रांत निबंध निम्मे करावेत आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. प्रमाणपत्रे कमी वाटली जातील, हे मला ठाऊक आहे. मौखिक परीक्षेला त्या त्या क्षेत्रातील एका जाणकाराला, त्याच्याकडे पदवी नसली तरी, प्रश्न विचारण्यासाठी बोलवावे. परीक्षा खुली असते, तेव्हा नियमांत त्याला आडकाठी असू नये.

माझी विद्यार्थिनी आता एका कादंबरीकारावर काम करते आहे. रविवारी मात्र आम्ही दोघी अजूनही त्या कारागिरांकडे जातो आणि फोनवर त्यांचे बोलणे मुद्रित करतो. आजवर अकरा बैठका झाल्या आहेत. रंग कोणत्या दुकानातून यायचा, मजुरी फुटावर ठरायची की बॅनरवर, नायकाचा चेहरा खलनायकापेक्षा किती मोठा काढायचा हे कोण ठरवायचे, हे सारे त्यांच्याच शब्दांत आमच्याजवळ आहे. हाताखालच्या पोरांपैकी दोघे इचलकरंजीला असतात, त्यांना भेटायचे बाकी आहे.

आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी बैठकीपूर्वी एकदा आमच्याबरोबर यावे. तो बॅनर माळ्यावरून उतरवून गल्लीत उलगडावा लागतो, त्याला चार माणसे लागतात, आणि पाऊस सुरू झाला की तो दिवाळीपर्यंत उघडता येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मराठीची एक अध्यापिका,
कोल्हापूर